पांढरी सहा

पहाटे ५

डिसेंबरात पहाटे पाचला मिरजेत तानपुरा काढला की तो रात्री ठेवलेल्या सुरात सापडत नाही. थंडीने पोलादी तारा आकसतात, ताण वाढतो आणि सूर चढतो. भोपळा आणि लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे आपली वेगळी चाल धरतात. म्हणून गाण्याआधी तानपुरा लावणं आलंच. आधी खुंट्या, मग मणी. माझा षड्ज पांढरी सहा, म्हणजे सेकंदाला २२० कंपनं. जोडीच्या दोन तारांपैकी एक २२० वर आणि दुसरी २२१ वर असेल, तर दर सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि बसतो. मणी केसभर सरकवला की ही लाट लांबते, आणखी लांबते आणि विरून जाते. ती विरली की जोड जुळली. बारावीच्या पुस्तकात याला बीट्स म्हणतात आणि त्याचं एका ओळीचं सूत्र आहे. माझ्या गाण्याच्या बाईंनी मला ते त्याच्या कितीतरी आधी, एकही सूत्र न सांगता, नुसतं डोळे मिटून ऐकायला लावून शिकवलं होतं.

चारही तारा नीट लागल्या की एक पाचवी गोष्ट आपोआप येते. पंचम, जोड आणि खर्ज एवढेच सूर आपण लावलेले असतात. गंधाराची तार तानपुऱ्याला नसतेच. तरीही खोलीत गंधार ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. भौतिकशास्त्रात तो पाचवा उपस्वर. खर्जाची तार ११० वर असेल तर तिच्यातून २२०, ३३०, ४४०, ५५० असे सगळे सूर एकाच वेळी निघत असतात, आणि ५५० हा ४४० च्या षड्जाचा बरोबर गंधार असतो. तो माझ्या सप्तकात आणला तर २७५ वर येतो. पेटीवरचा गंधार मात्र २७७ च्या जरा वर. आकड्यात हा फरक किरकोळ वाटतो, पण पेटी बाजूला ठेवून नुसत्या तानपुऱ्यावर गंधार लावला आणि तो त्या ऐकू येणाऱ्या गंधारात मिसळला, की आपला आवाज क्षणभर आपल्यालाच वेगळा ऐकू येत नाही. ज्यासाठी पहाटे उठावं, असं मला ठाऊक असलेलं हे एक कारण आहे, आणि ते पुरेसं आहे.

आधी खर्जाचा रियाज, मग भैरव. सध्या विशारदच्या शेवटच्या परीक्षेची तयारी चालू आहे. बंदिशी, ताना, लयकारी, लेखी पेपर, सगळं त्यात आलं. पण पहाटेचा हा वेळ मी परीक्षेला देत नाही. कोमल ऋषभ कुठे ठेवायचा आणि किती हलवायचा, एवढं एकच काम. घराणं किराणा, त्यामुळे एका सुरावर दहा मिनिटं घालवली तरी बाई रागवत नाहीत. घाई केली तर रागवतात.

सकाळी ७

बाबा आकाशवाणी सांगली लावतात. हे केंद्र १९६३ सालचं, आणि आमच्या घरी सकाळ कुठवर आली ते घड्याळापेक्षा त्याच्यावरच कळतं. आई नर्स आहे. तिची रात्रपाळी असली की ती आठनंतर घरी येते. मिरज हे दवाखान्यांचं गाव. वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून दूरदूरच्या गावांतले पेशंट इथे उतरतात. गावात त्यामुळे दोन प्रकारची माणसं येत राहिली, औषधाला येणारी आणि वाद्यं घ्यायला येणारी. दोघंही स्टेशनवरच उतरतात, आणि बाबा रेल्वेत.

चहा पिताना विषय निघतोच. बी.एस्सी.चं तिसरं वर्ष, भौतिकशास्त्र, फेब्रुवारीत जॅम, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा. बाबांचं म्हणणं असं की एम.एस्सी. जरूर कर, पण बँकेच्या किंवा रेल्वेच्या परीक्षांचे फॉर्मही भरत राहा. ते हे दटावून सांगत नाहीत. पगार दर महिन्याला घरात आला म्हणजे काय काय करता येतं हे त्यांना चांगलं माहीत आहे. माझा पहिला तानपुरा त्याच पगारातून आला. एकदा मी त्यांना सी. व्ही. रामन यांचं सांगितलं. हे गृहस्थ १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षं सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते आणि कचेरीच्या आधी व नंतर कलकत्त्याच्या बहुबाजार रस्त्यावरच्या संस्थेत जाऊन संशोधन करायचे. माझा मुद्दा होता की मनापासून आवडणाऱ्या कामाला वेळ मिळतोच. बाबांनी त्यातून आपला मुद्दा काढला. "म्हणजे नोकरी करूनही झालंच की सगळं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही पूर्ण उत्तर नाही. दहा वर्षांनी रामन यांनी मोठ्या पगाराची ती नोकरी सोडून कमी पगाराचं प्राध्यापकपद घेतलं, एवढं मात्र मी लक्षात ठेवलं आहे.

सकाळी ९.१५

मिरजेहून सांगलीच्या विश्रामबागला, कॉलेजला जायला बस असते, पण मी बहुतेक वेळा वडापनेच, म्हणजे शेअर जीपनेच जाते. या दिवसांत रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर. मागे दोन ट्रॉल्या, ऊस बाजूंनी बाहेर आलेला आणि चालकाच्या डोक्यामागे भलेमोठे स्पीकर. एक ट्रॅक्टर ओलांडेपर्यंत एक अख्खं कडवं ऐकून होतं. वडापमधलं गाणं वेगळं, ट्रॅक्टरवरचं वेगळं आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या एका इअरफोनातून माझ्या कानात येणारं तिसरं.

शास्त्रीय शिकणाऱ्याने हे ऐकू नये असं मला कधीच वाटलं नाही. 'सैराट' आला तेव्हा मी शाळेत होते. वर्गातल्या प्रत्येकाला ती गाणी पाठ होती. त्यातला वाद्यवृंद हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित केला आहे हे पुढे कळलं, तेव्हा मी ती गाणी पुन्हा नव्याने ऐकली. या वेळी शब्द सोडून फक्त मागची वाद्यं. आपल्या गावच्या लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यात व्हायोलिनचा एवढा मोठा ताफा आहे हे कळणं म्हणजेही एक प्रकारची तालीमच. आणि हा प्रवाह मिरजेला परका नाही. 'पिंजरा'चे संगीतकार राम कदम मिरजेचेच.

सकाळी १० ते दुपारी १

विलिंग्डन महाविद्यालयाचं आवार मोठं आहे, झाडं पुष्कळ आहेत आणि इमारत १९१९ पासूनच्या संस्थेची आहे. पहिला तास क्वांटम मेकॅनिक्सचा. दुसरा तास विद्युतचुंबकत्वाचा. वहीत उतरवून घेणं होतं, समजणं रात्री घरी.

तिसरा तास रिकामा असतो, तेव्हा ग्रंथालय. रामन यांचा भारतीय तंतुवाद्यांवरचा लेख १९२१ सालचा आहे, नोबेलच्या नऊ वर्षं आधीचा. मला तो भौतिकशास्त्राच्या सरांनी छापून दिला. मी त्याची इतकी पारायणं केली आहेत की घड्या फाटत आल्या. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा एक नियम आहे. तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूशी ज्या उपस्वराचं कंपन शून्य असतं, तो उपस्वर त्या तारेतून ऐकू येऊ नये. म्हणजे तार नेमकी मधोमध छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर गायब व्हायला हवेत. रामन यांनी तानपुरा आणि वीणेवर हे तपासलं आणि लिहिलं की इथे ते गायब होत नाहीत, चांगले ठणठणीत ऐकू येतात. कारण घोडी. पाश्चात्त्य वाद्यांच्या घोडीवर तार एका धारदार कडेवर टेकते. आपल्याकडे घोडी रुंद, किंचित उताराची, आणि तानपुऱ्यात तार व घोडी यांच्यामध्ये दोरा. तार कंप पावताना घोडीला पुन्हा पुन्हा लागते आणि सुटते. ज्याला आपण जवारी म्हणतो ते हेच.

हा लेख वाचला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी दोन वेगवेगळ्या गोष्टी शिकत नाहीये.

आणि रामन यांच्या लेखाच्याही अकरा वर्षं आधी असं मोजमापाचं काम इथे सांगलीत चाललेलं होतं. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृ. ब. देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचं आपलं इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलं. श्रुतींची स्थानं तारेची लांबी मोजून ठरवायची, असा त्यांचा प्रयत्न. त्यासाठी त्यांना प्रमाण म्हणून एक गळा हवा होता आणि तो मिळाला अब्दुल करीम खाँसाहेबांचा. अर्नेस्ट क्लेमंट्स हे इंग्रज न्यायाधीशही या कामात ओढले गेले, आणि श्रुती वाजवता येतील अशी पेटी लंडनहून करवून घेण्यापर्यंत मजल गेली. त्यांचे निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी सगळेच मानले नाहीत. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते वेगळंच आहे. एक सरकारी अधिकारी, एक न्यायाधीश आणि एक गवई मोजण्यासाठी एकत्र बसले, आणि त्यात गवयाच्या कानाला शेवटचा शब्द होता. विज्ञान शाखेत असं बसणं आम्हाला कोणी शिकवत नाही. संगीताच्या वर्गातही नाही.

दुपारी १

डबा. भाकरी, वांगं आणि कोणाच्या तरी पिशवीतलं भडंग. बोलणं सगळं 'पुढे काय' याच्यावर. एक जण एमपीएससीच्या अभ्यासाला पुण्याला जाणार. तिथली खोली आणि मेस ठरलीसुद्धा. एकीचं बी.एड. करून गावच्या शाळेत शिकवायचं पक्कं आहे. तिच्याएवढं शांत आमच्यात कोणी नाही. एकाला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करायची आहे, कारण घरची शेती सोडून लांब जाता येत नाही. मला विचारलं की मी जॅम म्हणते. हे खरं आहे. पण ते अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं डबा संपेपर्यंतच्या वेळात सांगता येत नाही.

जेवणानंतर झाडाखाली बसलं की एक गोष्ट नेहमी मनात येते. दुपारचे राग विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतच नाहीत. सारंग, भीमपलास, मुलतानी यांच्या वेळेला आम्ही वर्गात नाहीतर प्रयोगशाळेत असतो. आमची पिढी मुलतानी ऐकते ती रात्री अकराला, मोबाइलवर. रागाची वेळ मोडली म्हणून आकाश कोसळत नाही, हे मलाही कळतं. तरी भर दुपारी, ऊन उतरायला लागताना, मुलतानीतला तो कोमल ऋषभ आणि तीव्र मध्यम एकदा समोर बसून ऐकावा, अशी फार इच्छा आहे. नोकरी लागली की ही शक्यता आणखी कमी होणार. भविष्याचा विचार करताना पगार आणि शहर याबरोबर मी हाही प्रश्न विचारते की दुपारी चार वाजता मी कुठे असेन.

दुपारी २ ते ४.३०

प्रकल्प. प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात माझा तानपुरा, समोर माइक, लॅपटॉपवर ऑडॅसिटी. प्रश्न साधा आहे. कारागीर घोडीवर कानशीचा एक हात फिरवतो तेव्हा आवाजात नक्की काय बदलतं?

सोनोमीटरवरची तार छेडली तर पडद्यावर पहिला उपस्वर उंच दिसतो आणि पुढचे भराभर लहान होत जातात. तानपुऱ्याचं तसं नाही. जवारी खुललेली असेल तर मूळ सूर स्वतः फिका असतो आणि वरचे उपस्वर त्याच्यापेक्षा जोरात असतात. आपण ज्याला षड्ज म्हणून ऐकतो तो बराचसा आपला मेंदू या वरच्या सुरांवरून रचतो. आणि हे चित्र स्थिर नसतं. तार छेडल्यावर जो उपस्वर प्रबळ असतो तो क्षणाक्षणाला बदलतो, जोर वरून खाली सरकत येतो. स्पेक्ट्रोग्राममध्ये हा उतार स्वच्छ दिसतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सरांना हाक मारली. तेही खुर्ची ओढून बसले आणि पुढचा तास आम्ही दोघांनी फक्त दोरा पुढे-मागे सरकवून तो उतार बदलताना पाहिला.

दोरा किती सरकवला हे ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने मोजते. त्याचं लघुत्तम माप ०.०१ मिलिमीटर. कधी कधी मायक्रोस्कोपचे दोन आकडे सारखेच येतात आणि आलेख मात्र वेगळा येतो. म्हणजे आमच्या उपकरणापेक्षा तार जास्त जाणते. हे वाक्य मी प्रकल्पाच्या अहवालात लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं आणि समासात लिहिलं, "खरं आहे, पण इथे आकडे दे." तेही बरोबर आहे.

सायंकाळी ५

परतीच्या वडापने मिरज, आणि घरी न जाता शनिवार पेठेत, सतारमेकर गल्लीत. हा माझ्या दिवसातला सर्वांत आवडता तास.

गल्ली अरुंद आहे. दारोदार भोपळे टांगलेले, काही नुसते वाळलेले, काही अर्धे कापलेले. हे खायचे भोपळे नव्हेत. ते कडू असतात आणि येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. गळा, दांडी आणि तबली तुणाच्या लाकडाची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथल्या शिकलगारांपैकी, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांपैकी, फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि मग घडवायला. हत्यारांचं काम घटत चाललं होतं, पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला आश्रय होता. त्या हातांनी नवं काम शोधलं, आणि आज देशभरातले गवई मिरजेचा तानपुरा मांडीवर घेतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या आठवड्यात गल्लीत पेढे वाटले गेले.

इथल्या एका कारागिराकडे, चाचांकडे, मी बसते ती घोडीशी. त्यांच्याकडे आज एक जुना गायकी तानपुरा आला होता, पुरुषी पट्टीचा, काळी एकचा. वर्षानुवर्षं तारा घासून घोडीवर चर पडलेले, आवाज दबलेला. चाचांनी तारा सैल केल्या, घोडीवर बोट फिरवलं, उजेडाकडे तिरकी धरून पाहिली. मग कानस. दोनतीन हात, त्याहून जास्त नाही. पुन्हा तार चढवली, छेडली, दोरा सरकवला.

"काय वाटतं?"

"अजून बंद आहे, चाचा."

"कुठल्या बाजूला?"

हा खरा प्रश्न. आवाज बंद आहे हे कोणालाही कळेल. घोडीचा पुढचा भाग जास्त उचलला गेलाय की मागचा उतार कमी आहे, हे नुसतं ऐकून सांगायचं. मी म्हटलं, पुढचा. चाचांनी मान हलवली आणि कानस माझ्या हातात दिली. "हळू. वजन नाही टाकायचं." मी एक हात फिरवला. त्यांनी छेडलं. खर्ज किंचित उघडला होता. दुसरा हात त्यांनी फिरवला, आणि खोली भरली. त्या दोन हातांत काय फरक होता हे मी लिहून सांगू शकत नाही. माझा प्रकल्प तेवढ्याचसाठी आहे.

चाचांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. "चांगलं चाललंय त्याचं," असं चाचा समाधानाने सांगतात आणि त्यात मला कुठे खोट दिसत नाही. वाकून बसण्याचं, धुळीचं, भाव पडेल त्या भावाने विकण्याचं काम आपल्या मुलाने करावं असं कोणत्या बापाला वाटेल? बंगळूरच्या राडेल कंपनीने १९७९ मध्ये पहिला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला. आता तोही मागे पडून मोबाइलमध्ये ॲप आलं. त्याने गाण्याचं नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. खेड्यातल्या मुलीला, जिच्या घरात तानपुरा परवडत नाही, तिला षड्ज मिळाला. माझी एक मैत्रीण वसतिगृहात त्याच ॲपवर रियाज करते आणि सुंदर गाते. पण ॲपमध्ये जो आवाज आहे तोही कोणीतरी एका चांगल्या तानपुऱ्याचाच घेतलेला असतो किंवा त्यावर बेतलेला असतो. त्या तानपुऱ्याची जवारी कोणाच्या तरी हाताने काढलेली असते. मुळाशी हा हात आहे, आणि तो शिकणारी मुलं गल्लीत कमी होत चालली आहेत.

निघताना दर्ग्यावरून येते. ख्वाजा शमना मिरासाहेबांचा हा दर्गा, आणि याच आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर. १९३७ मध्ये पाँडिचेरीला जाताना वाटेत तब्येत बिघडली म्हणून सिंगपेरुमलकोईल नावाच्या छोट्या स्टेशनवर ते उतरले आणि फलाटावरच गेले. तिथून त्यांना मिरजेला आणलं. जन्म कैराण्याचा, गाव मिरज. उरुसाला गवई इथे येऊन हजेरी लावतात, मोठे आणि नवखे एकाच जागी. मीही एकदा इथे गाईन.

संध्याकाळी ७

बाईंकडे तालीम. आज यमन. गंधार आला आणि बाईंनी थांबवलं. "पेटीचा लावतेस. तानपुऱ्याचा लाव." पहाटे जो सहज लागला होता तो संध्याकाळी दमलेल्या गळ्याला सापडेना. बाईंनी पेटीचा भाता बंद केला आणि नुसता तानपुरा ठेवला. बऱ्याच वेळाने तो लागला. बंदिश आज झालीच नाही.

तालमीनंतर मी बाईंना विचारलं की पुढची दोन वर्षं कुठल्या लांबच्या शहरात गेले तर गाण्याचं काय. त्या म्हणाल्या, "तानपुरा घेऊन जा." मग थोडं थांबून, "आणि सुट्टीत इथे ये. पण तू जा."

रात्री ९

जेवण, मग जॅमचे जुने पेपर. तीन तास, साठ प्रश्न, शंभर गुण. थर्मोडायनॅमिक्स बरं चाललंय, क्वांटम अजून कच्चं. तरंगांवरचे प्रश्न मी शेवटी ठेवते, कारण ते सोडवताना दमणूक जाते. आई शेजारी बसून आपल्या ड्युटीचं वेळापत्रक वहीत उतरवते. आज तिची रात्रपाळी नाही.

साडेदहाला पुस्तक मिटलं आणि खाँसाहेबांची १९३० च्या दशकातली एक तबकडी ऐकली. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. एवढ्या वेळात त्यांना राग उभा करावा लागला आणि तो त्यांनी केला. मला माझं आयुष्य नीट मांडायला त्याहून पुष्कळ जास्त वेळ मिळालेला आहे.

रात्री ११

दुपारी जे अर्धं सांगायचं राहिलं ते असं. मला ध्वनीचा अभ्यास करायचा आहे. एम.एस्सी. करेन, जॅम साधली तर एखाद्या आयआयटीत, नाहीतर कोल्हापुरात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा ध्वनीचा अभ्यासक्रम आणि मैसूरची वाचा-श्रवण संस्था ही दोन नावंही वहीत लिहून ठेवली आहेत, कारण कान हा त्या दोन्हींचा विषय आहे. बाबांच्या समाधानासाठी बँकेचा फॉर्मही भरेन आणि तो मनापासून भरेन. पण कुठेही गेले तरी जवारीचं काम पुरं करायचं आहे. मिरजेतल्या जेवढ्या कारागिरांना मान्य असेल तेवढ्यांचं घोडी घासण्याचं काम, प्रत्येक हातागणिक आवाज आणि मापासकट नोंदवून ठेवायचं, आणि त्या नोंदी मराठीत, शिकणाऱ्या मुलाला वाचता येतील अशा लिहायच्या. नोंद केल्याने हात तयार होत नाही, हे मी चाचांशेजारी बसून शिकले आहे. पण उद्या कोणी शिकायला बसला तर कुठून सुरुवात करायची हे तरी त्याला कळेल.

वाचणाऱ्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरी आजीचा किंवा आत्याचा तानपुरा कोपऱ्यात गवसणीत उभा असेल, तारा गंजलेल्या, घोडीला चर पडलेले, तर तो मिरजेला आणा आणि त्याची जवारी काढून घ्या. सतारमेकर गल्ली स्टेशनपासून लांब नाही, रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगितलं तरी तो आणून सोडतो. आणि घरात एखादं मूल असेल तर त्यालाही बरोबर आणा.